एक युद्धकादंबरी आणि आमचें प्रमाणशास्त्र

इतिहाससंशोधनाला वाहिलेल्या त्रैमासिकांत कादंबरीचा परामर्श कशाला, असा प्रश्न वाचक करतील, आणि तो अवाजवी नाहीं. आमचें आयुष्य मुलांना संस्कृत व्याकरण शिकविण्यांत आणि फावल्या वेळीं जुन्या पोथ्यांचीं पानें जुळविण्यांत गेलें. कल्पित कथांकडे आमचा ओढा कधींच नव्हता. परंतु कॅनडा देशांतील जोसेफ बॉयडेन यांची ‘थ्री डे रोड’ ही 2005 सालीं प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी आमच्या वाचनांत आली, आणि जो प्रश्न आपण मंडळी दप्तरें चाळतांना रोज सोडवितों तोच तिनें आमच्यापुढें निराळ्या रूपानें टाकला. ज्याच्याजवळ कागद नाहीं त्याचा इतिहास कोणत्या प्रमाणावर लिहावयाचा, हा तो प्रश्न होय.

कथानक थोडक्यांत असें. जेम्स उपसागराकडील अरण्यांत राहणाऱ्या क्री जमातीचे झेवियर व एलायजा हे दोघे बालमित्र पहिल्या महायुद्धांत कॅनडाच्या सैन्याबरोबर फ्रान्स व फ्लँडर्समध्यें जातात. शिकारीचा हात बसलेला असल्यामुळें दोघेही दडून नेम धरणारे बंदूकबाज म्हणून नांवाजले जातात. 1919 सालीं झेवियर एक पाय गमावून, मॉर्फीनच्या आहारीं जाऊन परत येतो. त्याची वृद्ध मावशी निस्का त्याला होडींत घालून तीन दिवसांच्या नदीमार्गानें घरीं नेते. तो मनांतल्या मनांत युद्ध आठवतो. ती त्याला जगविण्यासाठीं आपल्या कुळाच्या गोष्टी सांगते. एकाची कथा बहुतेक अनुच्चारित, दुसरीची केवळ मौखिक. ग्रंथ असा दोन अलिखित साधनांचा बनलेला आहे.

संशोधकानें विशेष लक्ष द्यावें अशी जागा आरंभींच आहे. झेवियर युद्धांत मेला असें सरकारी पत्र निस्काला आलेलें असतें. ती स्थानकावर एलायजाला उतरवून घेण्यास जाते आणि गाडींतून उतरतो तो झेवियर! ओळखीच्या बिल्ल्यांची अदलाबदल होऊन जिवंताची नोंद मृतांत आणि मृताची जिवंतांत झालेली असते. म्हणजे येथें अस्सल, समकालीन, अधिकाऱ्याच्या सहीचा कागद खोटा आणि लिहितां-वाचतां न येणाऱ्या म्हातारीचे डोळे खरे. 1898 सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढतांना राजवाड्यांनीं बखरींची जी झडती घेतली, तेव्हांपासून अस्सल पत्रापुढें ऐकीव वार्तेची किंमत नाहीं हा आपला जवळजवळ धर्मच झाला आहे. तो धर्म आम्ही सोडा म्हणत नाहीं. कल्पित प्रसंगानें कोणतीही घटना सिद्ध होत नाहीं, हेंही आम्ही जाणतों. परंतु अस्सल कागद म्हणजे लिहिणाऱ्याला जें दिसलें तें. त्याला जें दिसूं शकत नव्हतें त्याविषयीं तो कागद मुका असतो, हा विवेक या प्रसंगानें जागा होतो.

आतां कल्पित बाजूस ठेवून प्रत्यक्ष इतिहासाकडे वळूं. या कथेच्या पाठीमागें ज्या एका खऱ्या पुरुषाची छाया आहे तो फ्रान्सिस पेगामागाबो, पॅरी आयलंडचा ओजिब्वे शिपाई. त्याला मिलिटरी मेडल व त्यावर दोन पट्ट्या मिळाल्या. हा मान कॅनडाच्या सैन्यांत चाळिसांच्या आंतच लोकांना लाभला. त्यानें 378 शत्रु टिपले असें सर्वत्र छापलें जातें. परंतु त्याच्या पदकांच्या सरकारी शिफारशींत निरोप पोंचविणें, बाजूच्या पलटणींशीं संधान राखणें, माऱ्यांतून दारूगोळा आणणें हीं कृत्यें आहेत. त्या आंकड्याचा तेथें उल्लेख नाहीं. उलट, डायमंड जेनेस या मानववंशशास्त्रज्ञानें 1929 सालीं त्या बेटावर जाऊन जीं टिपणें केलीं व 1935 सालीं प्रसिद्ध केलीं, त्यांत याच पुरुषानें सांगितलेली एक लहानशी हकीकत आहे: युद्धापूर्वीं एका वृद्धानें त्याला रक्षणार्थ औषधीची पिशवी दिली, ती त्यानें खंदकांत जवळ बाळगली आणि जखमी होऊन इस्पितळांत गेला तेव्हां ती हरवली. आंकडा जगप्रसिद्ध झाला; पिशवी कोणाच्या ध्यानांत राहिली नाहीं. आम्हांस मात्र या पिशवीचें प्रमाण अधिक जवळचें वाटतें, कारण तें ज्याचें त्याच्या तोंडचें असून त्यांत बढाईला जागा नाहीं.

एकंदर संख्येचीही तीच गत. सुमारें 4000 मूलवासी कॅनडाच्या सैन्यांत गेले असें सरकारी गणनेवरून मानतात. परंतु ही गणना ‘इंडियन’ म्हणून सरकारी पटावर नोंदलेल्यांची. मेटी, इन्युइट व पटाबाहेरचे लोक तींत नीट आलेच नाहींत. ज्यांनीं रक्त सांडलें त्यांना आपला नोंदलेला दर्जा न सोडतां देशाच्या निवडणुकींत मत देण्याचा सरसकट हक्क 1960 सालीं मिळाला. पेगामागाबो पुढें आपल्या लोकांचा मुखिया झाला, तरी त्याला सरकारी एजंटाशीं झगडावें लागलें.

ग्रंथाचें मर्म याहून खोल आहे. क्री व ओजिब्वे लोकांत ‘विंडिगो’ ही कल्पना आहे: उपासमारींत ज्यानें नरमांस खाल्लें, किंवा ज्याला ती भूक लागली, तो माणूस राहत नाहीं, आणि त्याच्यापासून कुळाला वांचविणें हें जाणत्याचें कर्तव्य होय. निस्काचा पिता हें कर्तव्य बजावतो म्हणून पोलीस त्याला धरून नेतात व तो बंदीवासांत मरतो. हा प्रसंग निराधार नाहीं. 1907 सालीं सँडी लेककडील जॅक फिडलर व त्याचा भाऊ जोसेफ यांना अशाच कृत्याबद्दल पकडण्यांत आलें. जॅकनें चौकशीपूर्वींच गळफास घेतला, आणि फांशीची शिक्षा झालेला जोसेफ 1909 सालीं तुरुंगांतच वारला. आतां दुसरें चित्र पाहा. युद्धांत एलायजाला मारण्याची चटक लागते, आणि जसजशी ती वाढते तसतसा त्याचा लौकिक वाढतो. अखेरीस झेवियरला आपल्या मित्राचा स्वतःच्या हातांनीं अंत करावा लागतो. अरण्यांत ज्या भुकेला आवरणें हा धर्म, त्याच भुकेला रणांगणावर शाबासकी. आणि आवरणाऱ्याला मात्र कायदा खुनी म्हणतो! एकाच कृत्याला दोन दप्तरें दोन नांवें देतात. हा विरोध लेखकानें उपदेश न करतां दाखविला, यांतच त्याचें यश आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. एलायजा शत्रूंचे केस कापून आणतो, त्यानें नरमांस खाल्ल्याचें सूचित होतें. ‘रानटी’ माणसाविषयींच्या जुन्या यूरोपीय समजुतीला येथें नकळत खाद्य मिळतें. लेखकानें झेवियरचा विवेक समोर उभा करून तोल सांवरला आहे, तरी घाईच्या वाचकाला तो न दिसण्याची भीति आहे. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. स्वतः बॉयडेन यांनीं आपल्या अंगीं मूलवासी रक्त असल्याचें सांगितलें होतें; 2016 सालीं त्या सांगण्याबद्दल कॅनडांत जाहीर प्रश्न उपस्थित झाले. आमचे नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण वक्ता आप्त असला तर. पुष्पिका संशयित ठरली म्हणून पोथी फेकून देऊं नये, हें संग्राहकांना सांगावयास नको. अंतर्गत पुराव्यावर तिची किंमत करावी. परंतु ज्यांच्या वतीनें पोथी बोलते त्यांनीं पुष्पिकेचा जाब विचारला तर तो त्यांचा अधिकारच होय. त्यांचें आजवरचें बहुतेक सर्व इतरांनींच लिहिलें आहे.

हें सर्व दूरदेशींचें म्हणून सोडून देतां येत नाहीं. 1915 सालच्या एप्रिलांत ईप्र येथें पेगामागाबो लढत होता, त्याच लढाईंत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजनही होती. फ्रान्सांतील हिंदी शिपायांचीं पत्रें अनेकदां दुसऱ्याच्या हातचीं लिहिलेलीं. तपासणी कचेरीनें त्यांचे इंग्रजी उतारे केले, तेच राहिले, आणि मुळें बहुतेक नाहींशीं झालीं. आमच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या, कूटच्या वेढ्यांत अडकल्या. 29 एप्रिल 1916 रोजीं तें ठाणें शत्रूच्या हातीं गेलें. सातारा जिल्ह्यांतील गांवोगांवच्या त्या वेळच्या दगडी फलकांवर ‘या गांवांतून इतके गेले, इतके पडले’ एवढेंच बहुधा असतें. आंकडा आहे, नांव नाहीं.

म्हणून संग्राहक बंधूंस विनंति अशी कीं, मोडींतील सनदा-यादींबरोबर या उपेक्षित वस्तूंकडेही वळावें. जुन्या पेटींत महायुद्धाचें पदक सांपडल्यास त्याची कडा न्याहाळावी. तेथें शिपायाचा नंबर, नांव व पलटण कोरलेलीं असतात, आणि पुष्कळदां त्या माणसाचा उरलेला लेख एवढाच असतो. नोकरीची सनद असल्यास तिची नक्कल करावी. आणि घरांतील वृद्ध स्त्री त्या पणजोबाविषयीं कांहीं सांगूं लागली तर ‘पुरावा काय’ असें प्रथमच विचारूं नये. तिचें बोलणें तारीख घालून, तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें. तपासणी मागाहून होईल. निस्कानें सरकारी पत्रावर विसंबून घरींच बसणें पत्करलें असतें, तर झेवियर त्या स्थानकावरच राहिला असता.