काकस्पर्श : संकेत की साक्ष?

कावळ्यावर आपल्या परंपरेने जितक्या परस्परविरोधी भूमिका लादल्या, तितक्या क्वचितच दुसऱ्या पक्ष्यावर लादल्या असतील. सीता हनुमंतास खूण म्हणून जी काककथा सांगते, तीत तो अपराधी असून एका डोळ्यास मुकतो. त्याला बुबुळ एकच, या समजुतीवरून पंडितांना 'काकाक्षिगोलकन्याय' मिळाला. लीळाचरित्रातील गोष्टीत त्याचे घर शेणाचे. ज्ञानेश्वरांच्या विराणीत मात्र तोच शुभशकुनाचा दूत. आणि दहाव्या दिवशी घाटावर तोच मृताच्या अतृप्त इच्छेचा साक्षीदार!

उषा दातार यांच्या कथेवरून महेश मांजरेकरांनी २०१२ साली काढलेला 'काकस्पर्श' हा चित्रपट या शेवटच्या समजुतीवर उभा आहे. धाकट्या भावाच्या पिंडाला कावळा शिवत नाही; हरिदादा हलक्या आवाजात काही बोलतो, आणि कावळा शिवतो. उमेला, म्हणजे भावाच्या बालविधवेला, कोणाही पुरुषाचा स्पर्श होऊ देणार नाही, हे ते वचन. उमेला ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

वचनाचे मौन दिग्दर्शकाने संयमाने सांभाळले आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. आमचा आक्षेप निराळा आहे. वचन देणारा एक, घेणारा मृत, साक्षीदार पक्षी. आणि भार मात्र जिला कोणी विचारलेही नाही तिच्या माथी. असा करार कोणते न्यायासन मान्य करील? हरिदादाची घुसमट चित्रपट मनापासून रंगवतो. परंतु कावळ्याच्या साक्षीची उलटतपासणी कोठेच करीत नाही. पोट भरलेला वा गर्दीला बुजलेला कावळा पिंडाजवळ येत नाही, एवढी साधी शंकाही कोणा पात्राच्या मनाला शिवत नाही.

वस्तुतः आपली रूढी याहून शहाणी आहे. कावळा न आल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात व विधी पुरा करतात. ज्या परंपरेने ही सोय ठेवली, तिने कावळ्याला न्यायाधीश मानले नव्हते, असेच आम्ही समजतो. काकस्पर्श हा शोकाला मिळालेला एक सुंदर संकेत आहे. तो काव्यात शोभतो, विधीतही शोभतो. परंतु घाटावर उभ्या असलेल्या दुःखी माणसांनी त्यावरून स्वतःला दोषी ठरवू नये, आणि मृताच्या नावाने जिवंतांना तर मुळीच बांधू नये.