वऱ्हाडातली कादंबरी आणि लेखकाची धाकधूक

वाशीम जिल्ह्यातल्या मेडशीतला एखादा मास्तर कादंबरी लिहायला बसला, तर तो पात्रांच्या बोलण्यापाशी अडत नाही. बाप पोराला म्हणतो, "मले सांगू नको, तूच जाय अकोल्याले." वाक्य जिवंत आहे. अकोला-वाशीम रस्त्यावरच्या कुठल्याही थांब्यावर ते कानी पडेल. पण खालच्याच ओळीत लेखक स्वतः बोलायला लागतो: 'असे म्हणून ते विमनस्कपणे ओसरीवर येरझारा घालू लागले.' हा बाप येरझारा घालणाऱ्यातला नाही. तो तंबाखू मळेल, नाहीतर बैलाला शिवी हासडेल. 'विमनस्कपणे' हे त्या घरात कुणी आणलेलं नाही, मास्तराच्या धास्तीनं आणलं आहे. पुण्या-मुंबईचा कुणी वाचेल तेव्हा आपण खेडवळ ठरू नये, एवढीच ती धास्ती. मग पान पुन्हा लिहायचं, पुन्हा खोडायचं, आणि दर खेपेला त्या बापाला आणखी थोडं परीटघडीचं करायचं. वऱ्हाडातल्या लेखकाचा निर्दोष लिहिण्याचा सोस पुष्कळदा असा असतो, आणि त्यात बापच हरवतो.

'स्वतःवर विश्वास ठेवा' असं सांगून हे सुटत नाही. शंका नसलेल्या लेखकाच्या कादंबऱ्या आपल्याकडे कमी नाहीत. माझं म्हणणं वेगळं आहे. लेखकाच्या शंकेचा भार उचलायला मराठीत पूर्वी आणखी कुणीतरी असायचं. आता तो एकट्या लेखकाच्या मानेवर आला आहे.

हरिभाऊ आपट्यांपाशी तो भार साप्ताहिकानं उचलला. १८९० मध्ये सुरू झालेल्या 'करमणूक'च्या अंकांतून 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः आली. पुढच्या आठवड्याचा मजकूर छापखान्याला हवा असताना मागचं प्रकरण घासत बसण्याची चैन त्यांना नव्हती. त्यांच्या काही कादंबऱ्या अर्धवट राहिल्या, पाल्हाळही झाला. पण तिच्यातल्या यमूची, त्या कादंबरीच्या नायिकेची, हकिगत उभी राहिली. पुढे 'मौज' आणि 'सत्यकथा'च्या काळात हे काम संपादकानं घेतलं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हस्तलिखित बारकाईनं वाचत, लांब पत्रं लिहीत, लेखकाला पुन्हा लिहायला लावत. या पद्धतीला दुसरी बाजू होती. एका विशिष्ट अभिरुचीचा पहारा तिच्यात होता, आणि राजा ढाले यांच्या पिढीनं १९६९ मध्ये तिच्याविरुद्ध बंड केलं ते उगाच नव्हे. पण १९८२ मध्ये 'सत्यकथा' बंद पडली तेव्हा पहाऱ्याबरोबर वाचणाराही गेला. त्याची जागा नीट भरली गेली आहे असं मला दिसत नाही.

या सगळ्यात भालचंद्र नेमाडे यांचं उदाहरण सर्वांत जास्त बोललं जातं आणि सर्वांत जास्त चुकीचं वाचलं जातं. 'कोसला' १९६३ ची. लेखक पंचविशीतला, आणि लेखन काही दिवसांत उरकलेलं. 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' आली २०१० मध्ये, काही दशकं वाट बघायला लावून, नियोजित मालिकेतला तो पहिलाच भाग. यावरून नव्या लेखकांनी दोन सोयीचे धडे घेतले. घाईत असलेल्यांनी 'कोसला' पुढे केली, रखडलेल्यांनी 'हिंदू'.

'कोसला' झपाट्यानं लिहूनही टिकली, कारण तिच्यातली शंका लेखकानं बाजूला ठेवलेली नाही, ती निवेदकाच्याच तोंडी दिली आहे. पांडुरंग सांगवीकर एक वाक्य बोलतो आणि पुढच्याच वाक्यात स्वतःला उडवून लावतो. ज्या अस्वस्थतेनं दुसऱ्या लेखकानं पान फाडलं असतं, तीच इथे शैली झाली. 'हिंदू'त प्रकार उलटा आहे. गाव, पूर्वज, उत्खनन, जाती, गाणी, भांडणं, काहीच सुटू नये असा ध्यास तिच्या पानापानावर आहे. मोठ्या अपेक्षेखाली लिहिणारा मराठी लेखक सहसा कापत नाही, भर घालत जातो, असं मला वाटतं. 'हिंदू'चं वैभव या भर घालण्यातून आलं आणि तिचा थकवाही तिथूनच आला. ज्यांच्यापाशी नेमाडे यांची पुंजी नाही, त्यांच्या हातून मात्र यातून नुसती जाडजूड पुस्तकं होतात.

वऱ्हाडाकडे वळलं की चित्र बदलतं. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. कौतिकचा संसार, शिंपीकाम करणारा तिचा नवरा महादेव, आणि वऱ्हाडी बोलीतले संवाद. कुठेही बोलीचं प्रदर्शन नाही, माफीही मागितलेली नाही. पुढे लेखणीवरच पोट भरायचं असल्यानं शेळके यांनी ढिगानं रंजक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांचं नाव आज घेतलं जातं ते 'धग'साठी. याचा दोष मी त्यांना देत नाही. मराठीत फक्त लिहून जगणाऱ्याला शंकेपुरता वेळ मिळत नाही.

मेडशीच्याच मालेगाव तालुक्यातलं शिरपूर हे नामदेव कांबळे यांचं गाव. शाळेत चौकीदारी केलेला हा माणूस पुढे शिक्षक झाला, आणि 'राघववेळ'ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते पद्मश्री झाले. आई वालंबी आणि तिचा मुलगा यांची ही गोष्ट कणव मागत नाही, हे तिचं बळ. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला २००४ चा पुरस्कार मिळाला. तिचा नायक एकनाथ याचं शिकून बेकार असणं तिथे घरातल्या रोजच्या कटकटीतून कळतं, आणि तीच पानं उत्तम आहेत. शेतीविषयीचं म्हणणं पात्रांच्या तोंडून मांडलं जातं तिथे कादंबरी सैल पडते.

सगळ्यांत चलाखीनं ही अडचण सोडवली ती रमेश इंगळे उत्रादकर यांनी. 'निशाणी डावा अंगठा'त साक्षरता मोहिमेची फजिती आहे, आणि ती सांगायला त्यांनी परिपत्रकं, अहवाल, सभा यांची सरकारी बोली वापरली. जी भाषा शाळामास्तर दिवसभर लिहितो, तीच कादंबरीची झाली. 'विमनस्क'ची गरजच उरली नाही.

आज छापून घेणं सोपं झालं आहे. पैसे भरले की थोड्या प्रती निघतात, जिल्ह्याच्या गावी प्रकाशन होतं, शाल-श्रीफळ मिळतं, एखादा पुरस्कारही लागतो. या सबंध व्यवहारात हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीनं 'हा बाप असा बोलेल का?' असं लिहिणारा कुणी भेटत नाही. धीट लेखक शंका न घेता छापून मोकळा होतो. ज्याच्यापाशी खरी शंका आहे तो वह्या कपाटात ठेवून देतो. दुसऱ्याचं नुकसान मला मोठं वाटतं, कारण बापाचं ते पहिलं वाक्य बहुतेक त्याच्याच वहीत असतं. विद्यापीठांत 'धग' आणि 'बारोमास'वर प्रबंध होतात, ते सगळे पुस्तक छापून झाल्यावर. त्या प्रबंधांच्या मार्गदर्शकांपैकी चार जणांनी वर्षातून एकदा वाशीमला बसून न छापलेल्या वह्या वाचल्या, तर त्याला फारसा खर्च येणार नाही.