शंभरचा आकडा : सी. एन. आर. राव यांचे संशोधनकार्य आणि उद्धरणमापन

घनावस्था व पदार्थ रसायनशास्त्राचे ज्येष्ठ अभ्यासक चिंतामणी नागेश रामचंद्र राव (जन्म १९३४) यांचा एच-निर्देशांक १०० वर पोहोचल्याचे वृत्त २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना सचिन तेंडुलकर यांच्यासमवेत ‘भारतरत्न’ जाहीर झाले. शंभर शतकांचा फलंदाज आणि शंभर निर्देशांकाचा वैज्ञानिक अशी तुलना करण्याचा मोह कोणालाही व्हावा. परंतु शतक फलंदाज स्वतः काढतो. प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्या शोधनिबंधामागे मात्र विद्यार्थी व सहकारी यांचे अनेक हात असतात. दीड हजारांहून अधिक शोधनिबंधांच्या या कारकिर्दीचे मूल्यमापन एका आकड्याने होऊ शकते काय, हा प्रश्न म्हणूनच उपस्थित होतो.

सदर निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. किमान शंभर वेळा उद्धृत झालेले किमान शंभर निबंध असले, की निर्देशांक किमान शंभर होतो. गणना सोपी आहे आणि तिच्या लोकप्रियतेचे कारणही तेच आहे. तथापि, निबंध कोणत्या कारणाने उद्धृत झाला याची नोंद या गणनेत कोठेही राहत नाही.

राव यांच्याच कार्यातील दोन उदाहरणे येथे बोलकी ठरतात. ग्राफीनविषयी त्यांनी तीन सहकाऱ्यांसह लिहिलेला आढावा-लेख २००९ मध्ये ‘अँगेवान्टे केमी’ या नियतकालिकात आला. ग्राफीन वेगळे करण्याचे गाइम व नोव्होसेलोव्ह यांचे कार्य २००४ मधले. २००९ पर्यंत जगभरातील प्रयोगशाळा या विषयाकडे वळल्या होत्या. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला प्रस्तावनेत नमूद करण्यासाठी एखादा आढावा हवाच होता, त्यामुळे हा लेख हजारो वेळा उद्धृत झाला. आढावा उपयुक्त असतो, हे निर्विवाद. पण तो मूळ शोध नव्हे.

याउलट १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात राव व पी. गांगुली हे थरयुक्त रचनेच्या धातू-ऑक्साइडांचे चुंबकीय व विद्युतीय गुणधर्म तपासत होते. लँथॅनम-कॉपर ऑक्साइड हे संयुगही त्यांच्या अभ्यासात होते. १९८६ मध्ये बेडनोर्झ व म्यूलर यांना नेमक्या याच कुळातील, बेरियमयुक्त ऑक्साइडात अतिसंवाहकता आढळली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बंगळूरच्या प्रयोगशाळेत पदार्थ होता. बेरियम मिसळून तो पुरेशा कमी तापमानाला तपासण्याचे पाऊल दुसरीकडे पडले. यास अपयश म्हणणे अन्यायाचे होईल. जग वळण्यापूर्वी योग्य पदार्थांपाशी पोहोचलेली दृष्टी हेच या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य होय, आणि ते उद्धरणांच्या बेरजेत दिसत नाही.

संख्येची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. २०११ मध्ये ‘अॅडव्हान्स्ड मटेरियल्स’मधील त्यांच्या एका सहलेखित निबंधात अन्य निबंधातील काही वाक्ये जशीच्या तशी आढळली व लेखकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. निष्कर्षांना त्यामुळे बाधा आली नव्हती. मात्र इतक्या निबंधांवर नाव असणाऱ्या ज्येष्ठ लेखकाची प्रत्येक परिच्छेदावर नजर कितपत राहू शकते, ही शंका रास्तच ठरते.

स्वतः हिर्श यांनी २०२० मध्ये या निर्देशांकाच्या दुष्परिणामांची कबुली दिली. प्रचलित मताविरुद्ध संशोधन करणाऱ्याला त्याचा फटका बसतो, ही त्यांची तक्रार. विशेष म्हणजे ते स्वतः अतिसंवाहकतेच्या प्रचलित सिद्धांताचेच विरोधक होत.

भारतीय महाविद्यालयांत हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण दिले, इम्पॅक्ट फॅक्टरनुसार त्यांत वाढही दिली. ग्राफीन-लेखासारख्या लेखनाला त्यामुळे आपसूक वजन मिळते. आठवड्याचे तास सांभाळून, उपकरणांवाचून एखाद्या अनाकर्षक ऑक्साइडावर काम करणाऱ्या अध्यापकाला ते मिळत नाही. राव १९५९ मध्ये पर्ड्यू व बर्कलीहून परतले, तेव्हा भारतात त्यांच्या विषयाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. घनावस्था रसायनशास्त्राला त्या वेळी येथे प्रतिष्ठा नव्हती.

ती त्यांनी कशी मिळवून दिली, याचा शोध संदर्भसूचीबाहेर घ्यावा लागतो. १९६३ मधील त्यांचा अवरक्त वर्णपटविज्ञानावरील ग्रंथ, कानपूरच्या आय.आय.टी.मधील त्यांची वर्षे, १९७६ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत उभा राहिलेला घनावस्था व संरचनात्मक रसायनशास्त्र विभाग आणि १९८९ मधील जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्र यांचा विचार त्यासाठी करावा लागतो. या विभागांतून बाहेर पडलेल्या संशोधकांनी पुढे स्वतंत्रपणे लिहिलेले निबंध राव यांच्या निर्देशांकात मोजले जात नाहीत. ते त्या त्या संशोधकांच्या नावावर जमा आहेत.