झाडीपट्टी रंगभूमीचे ध्वनिवर्धन आणि ॲम्प्लिफायरची अंतर्रचना : एक चिकित्सा

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातले अड्याळ हे झाडीपट्टी रंगभूमीच्या प्रदेशातील गाव. या रंगभूमीची समीक्षा प्रामुख्याने संहिता, अभिनय व संगीत यांभोवती फिरते आणि नटांच्या चढ्या स्वराला ‘भडक’ ठरवून मोकळी होते. दंडारीसारख्या उघड्यावरील लोककलेचा वारसा त्या स्वरामागे आहेच. तथापि रात्रभराचा प्रयोग रंगमंचावर टांगलेल्या मायक्रोफोनांतून प्रेक्षकांपर्यंत जातो, ही बाब दुर्लक्षित राहते. हळुवार संवाद ॲम्प्लिफायरच्या घरघरीत बुडत असेल, तर आवाज चढवणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न उरत नाही.

मायक्रोफोनचा संकेत फार तर काही मिलिव्होल्टचा; नट दूर असल्यास त्याहूनही क्षीण. त्याच पेटीत ५० हर्ट्झवर चालणारा ट्रान्सफॉर्मर असतो. त्यातून निसटणारे चुंबकीय क्षेत्र मायक्रोफोनकडील तारांच्या वेटोळ्यात विद्युतदाब प्रवर्तित करते आणि आवाज वाढवताच घरघरही वाढते. दोष सरसकट अर्थिंगवर ढकलला जातो. परंतु मायक्रोफोन काढून ॲम्प्लिफायरचे प्रवेशटोक जोडून बंद केल्यावरही घरघर टिकली आणि ट्रान्सफॉर्मरची दिशा बदलताच ती कमीजास्त झाली, तर कारण चुंबकीय आहे. ट्रान्सफॉर्मरपासून पुरेशा अंतरावर हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट केल्यास ते सुमारे एक-अष्टमांश उरते. दिशा बदलणे, तारांना पीळ देणे हे उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. उलट ॲल्युमिनियमची देखणी पेटी या वारंवारतेचे क्षेत्र फारसे अडवत नाही. पोलादी पेटी त्या मानाने बरी.

एडवर्ड चेरी यांनी १९८१ मध्ये याहून सूक्ष्म दोष दाखवला. ‘बी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये वीजपुरवठ्याच्या प्रत्येक तारेतून संकेताची अर्धीच लहर वाहते. तिचे क्षेत्र संकेतमार्गात शिरून विकृती निर्माण करते. डग्लस सेल्फ यांनीही पुढे हिची स्वतंत्र दखल घेतली. मंडपात मात्र तिची चिंता अतिरेकी ठरेल. कर्ण्यांची स्वतःची विकृती तिला सहज झाकते. तेथे घरघरच महत्त्वाची.

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत ॲम्प्लिफायरची वर्धनक्षमता मोजून आलेख काढले जातात. घटकांची जागा बदलल्याने काय घडते, हे सहसा तपासले जात नाही. आकृतीत ट्रान्सफॉर्मर कोठेही काढला तरी चालतो, पेटीत तसे चालत नाही. नाट्यसमीक्षेतही नटाचा स्वर नोंदवला जातो, पण पात्रे गप्प असताना कर्ण्यांतून काय ऐकू येत होते याची नोंद क्वचितच आढळते.