राक्षस कोण घडवतो?

जुन्या राक्षसाचे नवे रूप घडवणाराला एक पथ्य पाळावेच लागते. ओळख पटेल इतके जुने ठेवायचे आणि भीती वाटेल इतके नवे घालायचे. यात काय राखले नि काय पुसले, यावरून घडवणारा कोणत्या आळीत उभा आहे ते कळते.

‘मुंज्या’ हा आदित्य सरपोतदार यांचा २०२४ चा हिंदी चित्रपट घ्या. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. म्हणजे हे भूत व्हायलाही मौंजीबंधनाचा अधिकार लागतो! ज्यांच्या पोरांची मुंजच होत नाही, त्यांना मेल्यावरही त्या झाडावर जागा नाही. चित्रपटाने नाव राखले, अपुरी राहिलेली लग्नाची वासना राखली, संगणकावर नवा देह चढवला. अधिकाराचा प्रश्न मात्र हशात बुडाला.

‘तुंबाड’ (२०१८) मधला हस्तर अधिक विचार करायला लावतो. तो कोणत्याही पुराणात नाही, तरी जुना वाटतो. त्याच्या वाट्याला सोने आहे, धान्य नाही. वाड्यातला माणूस कणकेची बाहुली दाखवून त्याला भुलवतो आणि त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढतो. भुकेला तो राक्षस आणि चोरी करणारा तो वारसदार! ही मांडणी चित्रपटकर्त्याला कितपत अभिप्रेत होती, हा वाद बाजूला ठेवू. दलित वाचकाला ती दिसल्यावाचून राहणार नाही.

पण या कामातला आपला खरा पूर्वज जोतीराव फुले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी राक्षसाचा रक्षक केला, म्हसोबात बळीच्या राज्यातला महासुभा पाहिला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर या व्युत्पत्त्या टिकत नाहीत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. टीका म्हणून त्या टिकतात. कंधार-अहमदपूरकडच्या बांधावरचा शेंदरी दगड त्यांनी हलवला नाही, शेंदूर खरवडला नाही. त्या दगडाचा हुद्दा तेवढा बदलला. ओळखीचे रूप राखून अर्थ उलटा करणे याहून वेगळे काय असते?

या वाटेने जाणाऱ्या आजच्या लेखनाबद्दल माझी एक तक्रार आहे. त्यातला बळी फार सोज्ज्वळ होतो. सुळे गेले, काळा रंग गेला, आणि उरला कॅलेंडरावरचा गोरागोमटा राजा. राक्षसाला न्याय द्यायचा तर आधी त्याला देखणा करावा लागतो, असे मानणे म्हणजे समोरच्याचीच सौंदर्यदृष्टी डोळ्यांवर चढवणे. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा मणी-मल्लाच्या बाजूने, त्यांच्या दातांसकट, एखाद्या तरुणाने लिहून पाहावी.

आणि लातूर-नांदेडच्या खेड्यांत हे घडवण्याचे काम लेखकाची वाट पाहत बसत नाही. भानामतीचा संशय येतो तो जिवंत माणसावर. डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात भानामतीचा नावानिशी उल्लेख करावा लागला. संशयित बाईचे वर्णन नीट ऐका. एकटी राहते, केस मोकळे सोडते, तिन्हीसांजेला ओढ्याकडे दिसते. हडळीची सगळी चिन्हे जागच्या जागी असतात. उलटी पावले तेवढी तिच्यात सापडत नाहीत. ती सांगणारा आपल्या पदरची घालतो.