ऐकणारं माणूस हवं

अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना त्यांनी बारा वेळा मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांसमोर त्या भाषेत बोलणारं माणूस बसून पुस्तक वाचत होतं, खेळणी दाखवत होतं. काहींना हेच सगळं पडद्यावर दाखवलं, काहींना फक्त आवाज ऐकवला. ज्यांच्यासमोर माणूस होतं, त्या बाळांना मँडरिनमधले ध्वनी वेगवेगळे ओळखू येऊ लागले. बाकीच्यांच्या पदरी काहीच पडलं नाही.

याचा आधार घेऊन पडद्याला झोडपणं सोपं आहे. पण त्याच संशोधकांच्या गटाने २०१८ मध्ये असंही दाखवलं, की सोबत दुसरं बाळ असेल तर पडद्यावरूनही जास्त शिकता येतं. पडदा तोच, फरक पडला तो सोबतीमुळे. भाषाशिक्षणातल्या नव्या साधनांकडे मी याच नजरेने पाहतो.

ही साधनं उपयोगी आहेत, यात शंका नाही. भाषा शिकवणारं ड्युओलिंगो हे ॲप २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आता यंत्राशी गप्पाही मारता येतात. चुकलो तर लोक हसतील या धास्तीने तोंड न उघडणाऱ्या प्रौढाला हा मोठाच दिलासा आहे. घोकंपट्टी यंत्राने खुशाल करून घ्यावी. मात्र शिक्षकाची खरी कला सुरू होते ती त्यानंतर. ‘काल माझी बाबा आला,’ असं एखादी मुलगी उत्साहाने सांगू लागते. त्या क्षणी तिचं व्याकरण सुधारायचं, की ‘अरे वा, कुठून आले बाबा?’ असं विचारून योग्य रूप हळूच तिच्या कानावर घालायचं? चांगला शिक्षक दुसरी वाट धरतो, कारण त्याला बाबांची हकीगत खरोखर ऐकायची असते. आपलं बोलणं कुणाला तरी हवं आहे, हे मुलांना लगेच कळतं.

फलटणला राहून मराठीशी आयुष्य जोडणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांचं उदाहरण इथे आठवतं. मूळच्या अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी जाई निंबकरांसोबत परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं लिहिली आणि फलटणमध्ये मुलांसाठी शाळा उभी केली. पुस्तक आणि माणसांचा सहवास यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यांच्या कामात कधी आलेली दिसत नाही.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. घरी गुजराती, तमिळ किंवा हिंदी बोलणारी मुलं आता मराठीच्या तासाला बसतात. पण मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि त्याच्या प्रशिक्षणाकडे आपण फार कमी लक्ष दिलं आहे. अशा वेळी तंत्रज्ञान हाताशी आलं, की वर्ग मोठे करायचे आणि शिक्षक कमी करायचे, असा मोह व्यवस्थापनांना होणार. मला खरी भीती त्याची वाटते. यंत्रामुळे शिक्षकाचा जो वेळ वाचेल, तो मुलांशी बोलण्यात गेला पाहिजे. आठवड्यातून निदान एक तासिका वही-पुस्तक बाजूला ठेवून फक्त गप्पांसाठी असावी, आणि त्या तासिकेला मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गटासोबत मराठी बोलणारं एक मोठं माणूस बसवावं. शाळेत तेवढे शिक्षक नसतील, तर पालकांना आणि आजी-आजोबांना बोलवावं.