वेलणकर नव्हे, माइक लोबो

‘अर्धसत्य’ मी पहिल्यांदा पाहिला तो 2024च्या मे महिन्यात, आणि तोही चुकीच्या कारणासाठी. 19 मेच्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका पोर्शने बाइकला उडवलं. गेलेले दोघं चोवीस वर्षांचे इंजिनियर. मीही त्याच धंद्यातला, रिलीजच्या दिवशी मध्यरात्री त्याच बाजूने बाइकवरून घरी येणारा. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध लिहायची अट. मग रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, त्यात डॉक्टरांना अटक, दोन पोलीस अधिकारी निलंबित. मला त्या आठवड्यात कुणीतरी कुणाचा तरी गळा धरलेला बघायचा होता. ऑफिसातला एक सीनियर म्हणाला, “मग अर्धसत्य बघ.”

बघितला. शेवट दोनदा बघितला. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो.

1983चा हा सिनेमा गोविंद निहलानींचा, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पोलिसाच्या घुसमटीवरचा आपल्याकडचा सर्वांत चांगला सिनेमा म्हणून त्याचं नाव घेतात आणि ते बरोबरच आहे. ओम पुरीच्या चेहऱ्यावर राग आधी जबड्यात येतो, मग डोळ्यांत. पण तिसऱ्यांदा, थोडा शांत झाल्यावर बघताना मी एका जागी अडकलो. जाळून टाकलेला एक माणूस वेलणकरला सापडतो. मरण्याआधी तो जबाब देतो, त्यात रामा शेट्टीचं नाव घेतो. वेलणकर अटक करायला जातो, शेट्टी वर एक फोन लावतो आणि वेलणकरला हात हलवत परतावं लागतं.

त्या जबाबाचं पुढे काय होतं?

सिनेमाला त्यात रस नाही. कॅमेरा वेलणकरबरोबर निघून जातो: त्याची दारू, बापाची लहानपणापासूनची दहशत, ज्योत्स्नाचं दुरावणं, कोठडीत त्याच्या मारानं मेलेला भुरटा चोर. हे सगळं प्रामाणिक आहे. राग वर जाऊ शकला नाही की खाली उतरतो आणि सगळ्यांत दुबळ्या माणसावर पडतो, हे इतक्या निर्दयपणे फार कमी सिनेमांनी दाखवलंय. पण यात पोलिसाची हतबलता ही त्याच्या मर्दानगीची गोष्ट होऊन बसते. कागद मागे राहतो. आणि दारू पिऊन गाडी चालवल्याच्या खटल्यात तर कागद सोडून दुसरं असतंच काय? 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल, ही मोटार वाहन कायद्यातली मर्यादा. ते तासातासाला कमी होत जातं. नमुना उशिरा घेतला, सील कुणी लावलं याची नोंद राहिली, की पुरावा आपोआप विरघळतो. माझ्या कामात याला लॉग नसणं म्हणतात. नंतर कितीही ओरडा, सिस्टिमच्या लेखी ते घडलेलंच नसतं.

म्हणून मला रवींद्र पाटील या कॉन्स्टेबलची आठवण येत राहिली. 28 सप्टेंबर 2002च्या पहाटे वांद्र्याला सलमान खानची लँड क्रूझर बेकरीबाहेर झोपलेल्यांवर गेली. एकाचा जीव गेला, चौघं जखमी झाले. पाटील संरक्षणासाठी नेमलेले, गाडीतच होते. फिर्याद त्यांनीच दिली. पहिल्या फिर्यादीत दारूचा उल्लेख नव्हता, काही दिवसांनंतरच्या जबाबात आला. पुढे कोर्टाच्या तारखांना ते हजर राहिले नाहीत; वॉरंट निघालं, फिर्याद देणाऱ्यालाच अटक झाली, नोकरी गेली. 2007च्या ऑक्टोबरात शिवडीच्या रुग्णालयात क्षयाने वारले. 2015च्या मे महिन्यात सत्र न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. पाटील हा पूर्णपणे विश्वासार्ह साक्षीदार म्हणता येत नाही, हे त्या निकालातलं एक कारण. जबाबात नंतर भर पडली होती. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर हे तर्कशुद्ध आहे. बदलत गेलेल्या साक्षीवर कुणाला तुरुंगात टाकावं असं मलाही वाटत नाही. पण आठ वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला आपण ते तेव्हा का सांगितलं नाही, हे पुन्हा एकदा विचारायची सोय कुणालाच नव्हती.

पाटलांनी कुणाचा गळा धरला नाही. ते ‘अर्धसत्य’मध्ये शोधायचे तर वेलणकरमध्ये सापडत नाहीत, माइक लोबोमध्ये सापडतात. नसीरुद्दीन शाहने केलेला हा निलंबित इन्स्पेक्टर. दारूत बुडालेला, ओळखीच्यांपुढे हात पसरणारा, शेवटी रस्त्यावर मरून पडलेला. परिचय लिहिणारे त्याला ‘वेलणकरचं संभाव्य भविष्य’ म्हणून एका वाक्यात उरकतात. मला वाटतं, तेंडुलकरांना खरा शेवट माहीत होता आणि त्यांनी तो कडेच्या पात्राला दिला. नायकाला दिला असता तर थिएटरात कोण बसलं असतं? त्यांना दोष देत नाही. मीही शेवटच दोनदा बघितला होता, लोबोचे प्रसंग नाही.

सिनेमाशी माझं भांडण एवढंच की वेलणकरचा शेवट इतका जोरकस झालाय, की लोबो विसरला जातो. पुढच्या चाळीस वर्षांत हिंदी सिनेमाने वेलणकरचा हात तेवढा उचलला, त्याची लाज सोडून दिली. आता पडद्यावरचा पोलीस गळा दाबतो आणि ठाण्यात हजर होत नाही; वेलणकर निदान स्वतः चालत जाऊन गुन्हा कबूल करतो.

परवा त्या सीनियरला हे सांगितलं. तो म्हणाला, “माइक लोबो कोण रे?”